सप्रेम भेट, पण कोणत्या ॲपवर?

छापील पुस्तक भेट देताना आपण पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहितो, खाली सही आणि तारीख. समोरच्याच्या घरातलं कपाट कोणत्या कंपनीचं आहे, हे विचारावं लागत नाही. ई-बुक द्यायचं म्हटलं की मात्र पहिला प्रश्न तोच: तू वाचतोस कशावर?

हा प्रश्न का पडतो, हे समजायला थोडं मागं जाऊ. १९०४ साली अमेरिकेतल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत सूचना छापली, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायचं नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८ मध्ये निकाल लागला: प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही. ज्याने पैसे मोजले, पुस्तक त्याचं. त्याने ते विकावं, नाहीतर मित्राला द्यावं.

ई-बुकच्या बाबतीत हेच ‘त्याचं’ निसटलं.

सप्टेंबर २००७ मध्ये ‘ईपब’ हे सगळ्यांसाठी खुलं असलेलं स्वरूप ठरलं. नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनचं किंडल आलं, ते स्वतःचं वेगळं स्वरूप घेऊन. नंतर आलेल्या नूक आणि कोबो यांनी ईपब स्वीकारलं. पण खरी अडचण स्वरूपाची नव्हतीच. ईपब फाइल म्हणजे आतून वेबपानांची झिप. एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणं आमच्या धंद्यात किरकोळ काम. अडवतं ते डीआरएम, म्हणजे फाइलवरचं कुलूप. त्याची किल्ली वाचकाच्या खात्याला बांधलेली असते आणि कुलूप दुकानागणिक बदलतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं भेट देण्याची सोय सुरू केली. समोरच्याकडे किंडल यंत्र असण्याची गरज नव्हती, फोनवरचं ॲप चालायचं. ईमेल जायचा, घेणारा पुस्तक आपल्या खात्यात उतरवून घ्यायचा. सोय चांगलीच होती. पण खातं त्याच दुकानात हवं. शिवाय तुम्ही वाचलेली, खुणा केलेली प्रत देता येत नव्हती. त्याच्यासाठी नवा परवाना विकत घ्यावा लागे. नूकवर पुस्तक उसनं देता यायचं, तेही एकदाच आणि १४ दिवसांसाठी.

२०१९ मध्ये या परवान्याची किंमत दोनदा कळली. जुलैत मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुक दुकान बंद केलं. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. ज्यांनी त्यांत टिपणं केली होती, त्यांना वर २५ डॉलर. डिसेंबरमध्ये ‘टॉम काबिनेट’ खटल्यात युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, की वाचलेलं ई-बुक लेखक-प्रकाशकाच्या परवानगीवाचून इंटरनेटवर पुन्हा विकता येणार नाही.

कुलपाशिवाय चालतच नाही, असं मात्र नाही. २०१२ मध्ये हॅरी पॉटरची ई-बुकं ‘पॉटरमोर’वर आली. फाइलमध्ये खरेदीदाराची डिजिटल खूण होती, पण वेगवेगळ्या यंत्रांवर ती वाचता येत. त्याच वर्षी टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने डीआरएम काढून टाकलं.

मराठी पुस्तकं किंडलवर अधिकृतपणे आली डिसेंबर २०१६ मध्ये. बुकगंगाचं स्वतःचं वाचन ॲप आहे. म्हणजे आपल्याकडेही दोन कपाटं, दोन कुलपं. दुसरीकडे ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पीडीएफ पुस्तकं व्हॉट्सॲपवरून सहज पुढे जातात, कारण त्यांना कुलूपच नाही.

भेट म्हणजे वस्तू आपल्या हातातून सुटून दुसऱ्याची होणं. कुलूपबंद ई-बुक आपल्या हातातून सुटतं, पण दुसऱ्याचं पूर्ण होत नाही. मधे दुकानदार उभाच असतो. तेव्हा पुढच्या वेळी ई-बुक विकत घेताना किमतीसोबत एवढं पाहा, की त्या पानावर डीआरएम नसल्याचं लिहिलंय का. लिहिलं असेल, तर फाइल स्वतःजवळ उतरवून ठेवा. दुकान बंद झालं तरी तेवढं एक पुस्तक तुमच्याकडे राहील.