यादींतील नांव

वैभववाडी सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसली आहे. करूळचा घाट चढला कीं मनुष्य गगनबावड्यास, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यांत पोंचतो. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि हें गांव सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गणलें जाऊं लागलें. घाट हलला नाहीं, शेत हललें नाहीं, घराचा उंबराही हलला नाहीं. बदलली ती केवळ दप्तरांतील यादी. पुढें १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला. तिचें ‘वैभववाडी रोड’ हें स्थानक महसुलाच्या हिशेबानें सिंधुदुर्गांत, तर रेल्वेच्या कारभारांत रत्नागिरी विभागांत मोडतें. स्थळ एक आणि गट दोन! संगणकांचा कारभार आज ज्या तत्त्वावर चालतो तें हेंच. त्याचा इतिहास थोडक्यांत सांगावा असें आम्ही योजिलें आहे.

तत्त्व आमच्याकडे नवें नाहीं. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ सालीं जिंजी येथें जी बखर लिहिली, तींत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर १ हवालदार, ५ हवालदारांवर १ जुमलेदार, १० जुमलेदारांवर १ हजारी आणि ५ हजाऱ्यांवर १ पंचहजारी. दर २५ घोड्यांमागें १ पखालजी व १ नालबंद. या रचनेचें मर्म पखालजीच्या कामांत दिसतें. त्यास पाणी पुरवावयाचें तें पंचवीस घोड्यांच्या गटास. गटांतला एखादा बारगीर बदलला म्हणून पखालजीस नवी आज्ञा द्यावी लागत नाहीं. हक्क गटाला जोडावा आणि माणसाचें नांव गटाच्या यादींत घालावें, म्हणजे माणसें आलीं गेलीं तरी व्यवस्था टिकते.

संगणकास हें शहाणपण यावयास कांहीं वर्षें लागलीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं ‘युनिक्स’ या प्रणालीचा आरंभ केला. तिच्यावरील त्यांचा निबंध १९७४ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत कागदपत्र कोणीं वाचावें, कोणीं बदलावें, याचे दोनच भेद आहेत: मालक आणि इतर सर्व. १९७८ च्या सुधारलेल्या निबंधांत मात्र तिसरा भेद आला आहे, तो मालकाच्या गटाचा. चार माणसें एका कामावर असतां कागद एकट्यापुरता ठेवून भागत नाहीं आणि चव्हाट्यावर मांडूनही चालत नाहीं. ती अडचण गटानें दूर केली. याच प्रणालींत उपकरणेंही कागदपत्रांप्रमाणेंच गणलीं जात, म्हणून तोच नियम छपाईच्या यंत्रासही लागू झाला. आजच्या लिनक्समध्येंही तारेनें जोडलेलें उपकरण वापरावयाचें तर बहुधा त्या उपकरणाच्या गटांत आपलें नांव असावें लागतें. १९८३ सालीं बर्कली विद्यापीठाच्या आवृत्तीनें एका माणसास एकाच वेळीं अनेक गटांत बसण्याची सोय केली. आणि २००० सालच्या विंडोजमध्यें माणसाप्रमाणें खुद्द यंत्राचेंही नांव गटाच्या यादींत चढूं लागलें.

ही यादी राखावयाची ती बहुधा आज्ञेच्या एका ओळीनें. काळ्या पडद्यावर ओळ लिहावी, कळ दाबावी, काम झालें. शंभर यंत्रें एका गटांतून दुसऱ्यांत नेणें हें अशा ओळींनीं क्षणाचें काम होतें. परंतु आज्ञा ही आज्ञाच. ती लिहिणाराचा हेतु पाहत नाहीं, अक्षर पाहते. लिनक्समधील ‘यूजरमॉड’ या आज्ञेनें एखाद्यास नव्या गटांत घालतांना ‘भर घाल’ या अर्थाचें एक अक्षर लिहावयाचें राहिलें, तर त्याचे पूर्वीचे इतर गट पुसले जातात व नवा तेवढा उरतो. कारभारी स्वतःच्याच नांवावर ही चूक करून आपलेच अधिकार गमावून बसतो, असेंही घडतें.

तथापि खरी अडचण नांव चढविण्याची नसून उतरविण्याची आहे. जो आंत येऊं इच्छितो तो दारांत उभा राहून अर्ज करतो. ज्याचें काम संपलें तो मुकाट्यानें निघून जातो आणि नांव तसेंच राहतें. शिवाय नांव खोडलें तरी हक्क तत्काळ जात नाहीं. युनिक्समध्यें प्रवेशाच्या वेळीं जे गट वाचले गेले तेच त्या बैठकीपुरते चालतात; विंडोजमधील यंत्रासही नवी यादी बहुधा पुन्हां चालू केल्यावरच कळते. यादींतून काढलेला बारगीर घोड्यावरून उतरेपर्यंत स्वारच असतो!

सभासदाच्या बखरींतील आणखी एक गोष्ट म्हणूनच आम्हांस मोलाची वाटते. मोहिमेस निघतांना प्रत्येकाजवळील वस्तूंची यादी होई. आणि परत आल्यावर ती पुन्हां ताडून पाहिली जाई. संगणकाच्या कारभाऱ्यांनीं पहिली यादी आमच्या पूर्वजांहून शतपटीनें वेगानें करावयास घेतली आहे. दुसरी, परत आल्यावरची, करावयाची संवय मात्र अजून पुरती लागलेली नाहीं. आणि गटाची खरी राखण तर तिनेंच होते.