हिंगण्याची वाट : गणिताच्या एका प्राध्यापकाच्या दिवसाचा हिशोब

#थ्रेड #कर्वेनगर #पुणे_इतिहास

(१)
डेक्कनहून कर्वे रस्त्याने कर्वेनगर गाठायला किती वेळ लागतो, हे आज सिग्नल ठरवतात. १९०० साली त्या ठिकाणाचे नाव हिंगणे बुद्रुक होते. रस्ता म्हणावा असे काही नव्हते. शेताबांधांतून जाणारी पायवाट होती आणि पावसाळ्यात तिचाही चिखल होई. त्या वाटेने एक प्राध्यापक कॉलेजचे तास संपवून रोज पायी जात असे. कधी खांद्यावर आश्रमाच्या वाणसामानाचे ओझेही असे.

(२)
हे प्राध्यापक म्हणजे धोंडो केशव कर्वे. वय ४२. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे, मितभाषी, सभा गाजवण्याची कला नसलेले. पुढे ते महर्षी झाले, भारतरत्न झाले. ते नंतरचे. हा थ्रेड एका साध्या प्रश्नापुरता आहे : पूर्ण वेळची नोकरी, घरसंसार आणि नवी संस्था, हे सारे एका माणसाच्या दिवसात मावले कसे? आणि जे मावले नाही, त्याचे काय झाले?

(३)
वेळेचे हे गणित त्यांनी मुंबईत गिरवले होते. जन्म १८ एप्रिल १८५८, कोकणातल्या शेरवलीचा. बालपण मुरूडला. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. त्यानंतर मुंबईत एकाहून अधिक शाळांत तास आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे खाजगी शिकवण्या, असा त्यांचा दिवस भरलेला असे. एका कामाच्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वेळेवर पोहोचणे हा त्यांच्या उपजीविकेचाच भाग होता.

(४)
पैशाच्या बाबतीतही त्यांची एक रीत होती. मिळकतीतला ठरावीक भाग आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात घर चालवायचे. गावच्या कामासाठी त्यांनी उभारलेला ‘मुरूड फंड’ याच सवयीतून आला. खर्च भागवून काही उरले तर समाजाला द्यावे, हा क्रम त्यांनी उलटा केला होता. पुढे वेळेच्या बाबतीतही त्यांनी हेच केले.

(५)
१८९१ हे वर्ष वळणाचे ठरले. पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्यत्व म्हणजे अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा देण्याची बांधिलकी. कर्व्यांच्या दिवसातला मोठा आणि अढळ भाग असा आधीच ठरून गेला होता.

(६)
११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी होत्या आणि कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी होत्या. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. घरात त्या ‘बाया’. मुरूडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. गावाने दार लावले, तरी कर्व्यांनी गावाशी भांडण मांडले नाही.

(७)
त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी मंडळी स्थापन केली. व्याख्याने, पत्रव्यवहार, वर्गणी, प्रवास सुरू झाले. दोन-तीन वर्षांतच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या स्त्रिया मोजक्या होत्या. ज्यांचे लग्न होणार नव्हते, अशा हजारो विधवांना पायावर उभे राहण्याचे साधन हवे होते, आणि ते साधन म्हणजे शिक्षण.

(८)
१४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. येथे कर्व्यांनी एक अवघड निर्णय घेतला. पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमातून करायचा नाही, असे त्यांनी ठरवले. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाने हे ठरवावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. काही सुधारकांना ती सरळ माघार वाटली.

(९)
कर्व्यांचा विचार हिशोबी होता. पुनर्विवाहाचे नाव जोडले गेले, तर सनातनी घरांतले बाप आणि भाऊ विधवा मुलीला आश्रमात पाठवणार नाहीत, आणि मुलीच आल्या नाहीत तर शिकवणार कोणाला? दोन्ही कामे योग्य होती. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाच्या उरलेल्या तासांत, एकमेकांना न मारता चालणार नव्हती. तेव्हा पुनर्विवाहाबद्दलचे मत कायम ठेवून त्यांनी त्या कामातला आपला वेळ काढून घेतला. ज्या विधवांना लग्नच हवे होते, त्यांच्या वाट्याला मात्र या निर्णयामुळे एक धडपड्या कार्यकर्ता कमी आला. हेही त्या हिशोबात धरले पाहिजे.

(१०)
आश्रम आधी पुण्यात भाड्याच्या जागेत होता. ते प्लेगचे दिवस होते. शहराबाहेर जागा हवी होती. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याच्या माळावरची सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. तेथे एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम हिंगण्याला आला. जागा मिळाली, पण कॉलेज आणि आश्रम यांच्यामध्ये आता सुमारे चार मैलांची पायपीट आली.

(११)
मग दिवस असा लागला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास. ते संपले की हिंगण्याची वाट. आश्रमात पोहोचल्यावर मुलींना शिकवणे, हिशोब पाहणे, अडचणी ऐकणे. रात्री तेथेच मुक्काम आणि सकाळी पुन्हा पायी पुण्याकडे. दिवस दोन ठिकाणी वाटलेला आणि मधला वेळ वाटेवर गेलेला. हा क्रम काही दिवसांचा उत्साह नव्हता. सुमारे दोन वर्षे तो चालला.

(१२)
आणि सुट्ट्या? कॉलेजच्या सुट्टीत कर्वे वर्गणी मागायला बाहेरगावी जात. प्राध्यापकाला मोकळा मिळणारा वर्षातला मोठा कालखंड त्यांनी असा आधीच आश्रमाच्या नावावर लावून टाकला होता. ‘वेळ उरला तर आश्रम’ असे सूत्र धरले असते, तर आश्रम पहिल्याच पावसाळ्यात बंद पडला असता.

(१३)
तरीही एका माणसाच्या तासांना मर्यादा असते, आणि कर्व्यांना ती नेमकी ठाऊक होती. आश्रमाला दिवसभर तेथेच राहणारे कोणीतरी हवे होते. ती जागा भरून काढणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले प्रमुख. त्या आनंदीबाईंच्या भगिनी, स्वतः विधवा, वयाने मोठ्या झाल्यावर शिक्षणाला लागलेल्या. पुढे त्या आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या, गावोगाव निधी गोळा करत हिंडल्या आणि इंग्रजी शिकण्याच्या जिद्दीने १९१८ साली थेट अमेरिकेला गेल्या. कर्व्यांचा दिवस मोठा दिसतो, त्यात अशा अनेक स्त्रियांचे दिवस मिसळलेले आहेत.

(१४)
१९०७ साली अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. १९०८ साली, संस्थांसाठी आयुष्य वाहणारे कार्यकर्ते तयार व्हावेत म्हणून, निष्काम कर्म मठ स्थापन झाला. पण येथे कुरबुरही झाली. आश्रम अजून पुरता सावरलेला नसताना संस्थापकाने नवा डाव मांडावा, हे आश्रमातल्या काही सहकाऱ्यांना रुचले नाही. वर्गणीदार तेच, कर्वेही तेच. नवी संस्था म्हणजे जुनीच्या ताटातली वाटेकरी, ही त्यांची भीती निराधार नव्हती.

(१५)
सर्वांत मोठी किंमत घराने मोजली. कर्व्यांनी स्वतःच्या शिलकीतला पैसाही आश्रमाला दिला. संध्याकाळ आणि रात्र हिंगण्याला, सुट्ट्या प्रवासात. मुलांचे आजारपण, पाहुणे आणि महिनाअखेर आनंदीबाईंच्या वाट्याला. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले, स्वतः धडपड करून मिळवते होण्याचा मार्ग काढला, आणि आश्रमासाठीही राबल्या. पुढे त्यांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले. महापुरुषाच्या वेळापत्रकाची मागची बाजू पाहायची असेल, तर ‘आत्मवृत्त’ या कर्व्यांच्या पुस्तकाशेजारी हे पुस्तक ठेवून वाचावे.

(१६)
एखादी गोष्ट बाजूला ठेवणे आणि ती टाकून देणे यांत किती फरक आहे, हे पुढच्या घटनेत दिसते. जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. कल्पना मोठी होती आणि हाती असलेले काम पुरेसे होते. त्यांनी ती बाजूला ठेवली. १९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १९१५ साली मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुस्तिका पुन्हा काढली.

(१७)
या वेळी मात्र दिवस मोकळा होता. १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात जेमतेम पाच विद्यार्थिनी होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आजचे एस. एन. डी. टी. हीच कल्पना काही वर्षे आधी अंगावर घेतली असती, तर कॉलेजची बांधिलकी, आश्रम आणि विद्यापीठ यांतले काही ना काही अर्धवट राहिले असते.

(१८)
नंतरचा क्रमही तसाच आहे. एक काम उभे राहिले की ते इतरांच्या हाती द्यायचे आणि पुढचे घ्यायचे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे जाऊन संस्थेची माहिती सांगितली व निधी मिळवला. १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९४४ साली, ८६ व्या वर्षी, समता संघ. संस्थापकाने खुर्ची न सोडल्यामुळे खिळखिळ्या झालेल्या संस्थांची आपल्याकडे वाण नाही. त्या पार्श्वभूमीवर ही सोडण्याची सवय अधिक उठून दिसते.

(१९)
१९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १०४ वर्षांचे आयुष्य लाभले म्हणून इतकी कामे झाली, असे म्हणणे सोपे आहे. पण १९०० सालच्या त्या पायवाटेवर चालणाऱ्या माणसाला आपल्या पुढे अजून बासष्ट वर्षे आहेत, हे ठाऊक नव्हते. त्याच्या हाती रोजचे काही तासच होते, आणि ते कोणाला द्यायचे हे त्याने ठरवले होते.

(२०)
ती झोपडी आजही कर्वेनगरच्या संस्थेच्या आवारात जपलेली आहे. तिच्याभोवती शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सकाळी तासाला उशीर झालेल्या मुली त्या आवारातून धावत जातात. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच माळावरून एक गणिताचा प्राध्यापक उलट्या दिशेने, पुण्याकडे, भराभर चालत निघालेला असे. त्यालाही तास गाठायचा असे.

(समाप्त)