सिस्टम रिस्टोर

सिस्टम रिस्टोर ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संगणक प्रणालीतील, बिघडलेला संगणक पूर्वीच्या स्थितीत परत नेण्याची सुविधा आहे. २००० साली विंडोज मी या आवृत्तीत ती प्रथम देण्यात आली व पुढे विंडोज एक्सपीमुळे घरगुती वापरकर्त्यांना परिचित झाली.

== कार्यपद्धती ==
नवे सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा विंडोजचे अपडेट बसवण्यापूर्वी प्रणाली सहसा एक 'रिस्टोर पॉइंट' तयार करते. वापरकर्त्यालाही तो स्वतः तयार करता येतो. त्यात रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि प्रणालीच्या फाइलींची तत्कालीन स्थिती जतन होते. एक्सपीपर्यंत ठरावीक प्रकारच्या फाइलींतील बदलांवरच पाळत ठेवली जाई. व्हिस्टापासून 'शॅडो कॉपी' तंत्राने डिस्कच्या विभागातील बदललेले भाग जतन केले जातात. राखीव जागा भरली की सर्वांत जुने पॉइंट आपोआप पुसले जातात. त्यामुळे बिघाड उशिरा लक्षात आल्यास उपयोगी पडणारा पॉइंट उरलेलाच नसतो.

विंडोज सुरूच होत नसेल, तर व्हिस्टा व नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्ती पर्यायांतूनही ही सुविधा चालवता येते. केलेली पुनर्स्थापना सामान्यतः रद्द करता येते. मात्र ती सेफ मोडमध्ये केली असल्यास तसे करता येत नाही.

== मर्यादा ==
सिस्टम रिस्टोरला बॅकअप समजणे ही सर्रास आढळणारी आणि महागात पडणारी चूक होय. छायाचित्रे, पत्रे यांसारख्या वैयक्तिक फाइलींना ती हात लावत नाही. त्यामुळे त्या बदलत नाहीत, तशाच पुसल्या गेल्या असल्यास परतही मिळत नाहीत. रिस्टोर पॉइंट त्याच संगणकाच्या डिस्कवर असतात. डिस्क निकामी झाली की तेही जातात. निवडलेल्या पॉइंटनंतर बसवलेले सॉफ्टवेअर पुनर्स्थापनेत निघून जाते व पुन्हा बसवावे लागते.

विषाणूग्रस्त फाइल रिस्टोर पॉइंटमध्ये जतन झाली, तर पुनर्स्थापनेबरोबर विषाणूही परत येऊ शकतो. एक्सपीच्या काळात संगणक स्वच्छ करण्यापूर्वी ही सुविधा बंद करण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जाई; पण तसे करताच सर्व जुने पॉइंट नष्ट होत. विंडोज मीमध्ये तर एक विलक्षण दोष होता : ८ सप्टेंबर २००१ नंतर तयार झालेले पॉइंट पुनर्स्थापित होत नसत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टला स्वतंत्र दुरुस्ती द्यावी लागली.

विंडोज १० असलेल्या अनेक संगणकांवर ही सुविधा मुळात बंदच असते. ती 'सिस्टम प्रोटेक्शन'मध्ये जाऊन आधीच सुरू केलेली नसेल, तर बिघाडानंतर परत जाण्यासाठी एकही पॉइंट सापडत नाही.