पिस्तूल नेमबाजीत लेसर साइट चालते का?

ऑलिंपिक, आशियाई क्रीडा स्पर्धा, विश्वचषक किंवा आपल्याकडील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, यांतील पिस्तुलाच्या कोणत्याही प्रकारात लेसर साइट वापरण्यास परवानगी नाही. पाल्यासाठी पहिले पिस्तूल घेणाऱ्या पालकांच्या मनात मात्र हा प्रश्न हमखास येतो. कारण बाजारात लेसर साइट सहज दिसते आणि लाल ठिपका टेकला तेथेच छर्रा लागणार, हे गणित वरवर सोपे वाटते. ही बंदी कशासाठी, आणि लेसरला या क्रीडाप्रकारात कोठेच स्थान नाही काय, हे समजून घेणे त्यामुळे उपयुक्त ठरते.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या, म्हणजेच आयएसएसएफच्या नियमांनुसार पिस्तुलावर केवळ उघडी साइट असावी लागते. मागच्या बाजूस खाच आणि नळीच्या टोकाशी उभी पट्टी, एवढीच तिची रचना. दुर्बीण, आरसा, भिंग, लेसर झोत किंवा इलेक्ट्रॉनिक ठिपका दाखवणारी साइट निषिद्ध आहे. नजरेचा दोष असलेल्या खेळाडूला चष्मा लावता येतो. परंतु ते भिंग चेहऱ्यावर हवे, पिस्तुलावर नव्हे.

याचा अर्थ इलेक्ट्रॉनिक वस्तूंनाच मज्जाव आहे, असा नाही. इलेक्ट्रॉनिक चाप नियमात बसतो. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत पिस्तूल बिघडल्याने मनू भाकरचा मौल्यवान वेळ वाया गेला, तेही इलेक्ट्रॉनिक चापाचेच पिस्तूल होते. चाप कसा सुटतो यात यंत्राची मदत चालते. नेम कोणी धरायचा, येथे मात्र नियम कठोर होतो. नेम साधताच आपोआप गोळी सोडणारी योजनाही म्हणूनच वर्ज्य आहे.

ठिपक्याने नेमके काय बदलते?

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि संपूर्ण काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साइटमध्ये ३२० मिलिमीटर अंतर आहे असे धरल्यास पुढची पट्टी खाचेत एक मिलिमीटर सरकली तरी छर्रा लक्ष्याच्या मध्यापासून सुमारे ३१ मिलिमीटर दूर, म्हणजे काळ्या भागाच्या काठापलीकडे जातो. खाच आणि पट्टी एका रेषेत राखणे हे या खेळाचे अर्धे कौशल्य आहे. म्हणूनच प्रशिक्षक नजर लक्ष्यावर नव्हे, तर पुढच्या साइटवर स्थिर ठेवण्यास शिकवतात.

लेसर साइट हे अर्धे कौशल्यच अनावश्यक करते. नळी कोठे रोखली आहे, हे ती थेट लक्ष्यावर दाखवते. पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारातील जलद फेरीत खाली झुकवलेला हात उचलून तीन सेकंदांत एक गोळी झाडायची असते. तेवढ्या अवधीत साइट जुळवणे हीच खरी परीक्षा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात, बरोबरी फोडण्यासाठी झालेल्या दोन जादा फेऱ्यांनंतर, सुवर्णपदक जिंकले. ठिपक्याच्या आधाराने त्या कसोटीचा अर्थच उरला नसता.

गुणांतील फरकही किती सूक्ष्म असतो, हे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत मनू भाकर २२१.७ गुणांवर थांबली आणि केवळ ०.१ गुणाने रौप्यपदकाची संधी हुकली. इतक्या अटीतटीच्या खेळात एकाकडे महागडे साधन आणि दुसऱ्याकडे साधी साइट असती, तर निकाल खेळाडूचा की खरेदीचा, हे सांगणे कठीण झाले असते.

लाल ठिपका आणि लेसर

या दोन वस्तूंची गल्लत नेहमी होते. लाल ठिपक्याची साइट म्हणजे पिस्तुलावर बसवलेली काच; ठिपका त्या काचेतून पाहणाऱ्या नेमबाजालाच दिसतो. लेसरचा ठिपका मात्र प्रत्यक्ष लक्ष्यावर पडतो. आयएसएसएफला दोन्ही अमान्य आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पारंपरिक पिस्तूल स्पर्धांत दुर्बीण आणि लाल ठिपका चालतो. परंतु लक्ष्यावर प्रतिमा टाकणारी साइट तेथेही बाद ठरते. हालचाल करत गोळीबार करण्याच्या आयपीएससी प्रकारात ‘ओपन’ गटात इलेक्ट्रॉनिक साइटला मुभा आहे, तर ‘स्टँडर्ड’ आणि ‘प्रॉडक्शन’ गटांत उघडी साइटच लागते. थोडक्यात, उत्तर स्पर्धेच्या नियमपुस्तकावर अवलंबून असते.

मॉडर्न पेंटॅथलॉनचे उदाहरण निराळे आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकपासून तेथे छर्‍यांच्या पिस्तुलाऐवजी लेसर पिस्तूल वापरले जाते. पण तेथील लेसर ही साइट नसून गोळी आहे. चाप ओढल्यावरच झोत सुटतो. त्याआधी नेम डोळ्यांनीच धरावा लागतो.

सराव आणि खरेदी

सरावात लेसरला स्थान आहे. नळीला जोडलेली काही उपकरणे चाप ओढण्यापूर्वी आणि ओढताना नळी कशी हलली, याचा आलेख पडद्यावर दाखवतात. चाप झटकण्याची खोड त्यात लगेच उघडी पडते. मात्र ठिपक्याकडे पाहत नेम धरण्याची सवय लागलेल्या मुलाची नजर पुढच्या साइटवरून सुटते आणि ठिपका दहावर येताच चाप झटकण्याचा मोह बळावतो. ती सवय मोडण्यात पुढे बराच काळ जातो.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१मध्ये स्थापन झाली. वडोदऱ्यात जन्मलेले लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. आयएसएसएफ प्रकारांत ही संघटना आंतरराष्ट्रीय नियमच पाळते. स्पर्धेपूर्वी साधनांची तपासणी होते आणि सामन्यानंतरच्या तपासणीत पिस्तूल नियमबाह्य आढळल्यास खेळाडू थेट अपात्र ठरतो. वर्षभराची मेहनत अशा एका जोडसाधनापायी वाया जाऊ शकते. त्यामुळे खरेदीपूर्वी राज्य संघटनेच्या प्रशिक्षकाकडून चालू नियम तपासून घ्यावेत. लेसरसाठी बाजूला काढलेले पैसे हाताच्या मापाची मूठ, छर्रे आणि सरावाचे तास यांवर खर्च केल्यास ते गुणफलकावर दिसतील.