जिभेची गाठ

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीला ‘हाजिर’ म्हणताना तो ‘हा’वरच अडकायचा. मुले हसायची आणि मी घाईने पुढचे नाव घ्यायचो. प्रकट वाचनात त्याची पाळी मी गाळायचो. बीएडला बालमानसशास्त्र शिकलो होतो, तरी मुलगा भित्रा आहे म्हणून तोतरा बोलतो, असेच मला वाटे. पाळी गाळून आपण त्याची लाज राखतो, अशी माझी समजूत होती.

हा समज जाणकारांचाही होता. १९७० मध्ये अमेरिकेत एहुद याइरी आणि डीन विल्यम्स यांनी वाचा-उपचारकांना विचारले, तोतरे बोलणारी शाळकरी मुले कशी असतात? उत्तरांत घाबरट, लाजाळू अशाच अर्थाचे शब्द जास्त आले. पुढे विद्यार्थी आणि शिक्षकांच्या पाहण्यांतही तेच दिसले. म्हणजे उपचार शिकायला येणारा विद्यार्थी समाजाचा ग्रह घेऊनच वर्गात शिरतो.

त्या ग्रहाची किंमत किती, हे १९३९ मध्ये आयोवात दिसले. मेरी ट्यूडर ही वाचा-उपचाराची विद्यार्थिनी. तिचे मार्गदर्शक वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलत. डॅव्हेनपोर्टच्या अनाथालयातील २२ मुले तिने प्रयोगासाठी घेतली. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही सांगितले, तुमचे बोलणे बिघडते आहे, सांभाळून बोला. तिथल्या शिक्षकांनाही तेच सांगितले गेले. मुले गप्प होत गेली. पुढे ट्यूडर स्वतःहून परत गेली, त्यांना धीर देऊ लागली. पण बोललेले पुसले गेले नाही. विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये.

आज आपल्याला माहीत आहे की तोतरेपणाचे मूळ भित्रेपणात नाही. त्यात आनुवंशिकता आणि मेंदूची घडण यांचा वाटा असतो. लहानपणी सुमारे ५ टक्के मुले अडखळतात, बहुतेकांचे थांबते. साधारण १ टक्का लोकांत ते टिकते.

आपल्याकडे हे शिक्षण १९६० च्या दशकात मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूर इथे सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्र्याला राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव आहे. चारोटीहून वांद्रे सुमारे शंभर किलोमीटर. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना तेवढे अंतर पुष्कळ आहे. म्हणून इथल्या मुलाला भेटणारा पहिला ‘उपचारक’ बहुधा शाळेतला मास्तरच असतो.

काही विद्यापीठांत या विद्यार्थ्यांना एक गृहपाठ देतात: बाहेर जा आणि अनोळखी माणसाशी मुद्दाम तोतरे बोला. हे वाचून मीही एकदा चारोटी नाक्यावर बसमध्ये चढलो आणि तिकीट मागताना ‘ड, ड, ड’ करत राहिलो. मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, “डहाणू द्या त्यांना.” बिचारा मदतच करत होता. पण माझे कान तापले. माझा शब्द माझ्या तोंडातून कोणी काढून घेतला, असे वाटले. वर्गात मी वर्षभर हेच केले होते.

हजरत मूसा यांची दुआ आमच्या घरांतली मुले लहानपणीच पाठ करतात. फिरऔनसमोर जाण्यापूर्वी त्यांनी अल्लाहकडे मागितले की माझ्या जिभेची गाठ सोडव, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल. सोबतीला भाऊ हारून मागितला. पण पैगंबरीसाठी निवड मूसांचीच झाली होती, आणि ती जिभेला गाठ असतानाच. ही दुआ मी कित्येकदा शिकवली, तरी हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

तो मुलगा आता मोठा झाला. त्याची माफी मागायची राहून गेली. आता वर्गात कोणी अडखळले की मी पुस्तकातून नजर उचलतो, त्याच्याकडे पाहतो आणि थांबतो. मी थांबलो की मुलेही थांबतात.