वली आणि राज्यसत्ता : इंडोनेशियातील एक विवाहप्रश्न

'त्याला कोणी वाली नाही' या मराठी प्रयोगातील 'वाली' हा शब्द आणि इस्लामी धर्मशास्त्रातील 'वली', म्हणजे वधूचा विवाहपालक, ही संज्ञा एकाच अरबी धातूपासून निघालेली आहेत. संरक्षण व सत्ता हे दोन्ही अर्थ त्या धातूत अंतर्भूत आहेत. या अर्थद्वयाला इंडोनेशियात राजकीय महत्त्व प्राप्त झाले.

तेथील बहुसंख्य मुसलमान शाफिई मताचे अनुयायी होत. या मतानुसार वलीवाचून निकाह सिद्ध होत नाही. वली नसल्यास, अथवा त्याने अकारण अडवणूक केल्यास, त्याचा अधिकार राज्यकर्त्याकडे जातो व त्याने नेमलेला 'वली हाकिम' विवाह लावतो. परंतु नव्या प्रजासत्ताकात हा राज्यकर्ता कोण? मुसलमानांवर शरीयतपालनाचे बंधन घालणारे सात शब्द १८ ऑगस्ट १९४५ रोजी संविधानाच्या प्रास्ताविकातून वगळण्यात आले होते आणि एकेश्वरनिष्ठेसह पाच तत्त्वांची 'पंचसिला' राज्याचा पाया ठरली होती. १९४९ मध्ये कार्तोसुविर्यो यांनी पश्चिम जावात निराळे इस्लामी राज्यही घोषित केले. अशा स्थितीत प्रजासत्ताकाने नेमलेला वली धर्मतः अग्राह्य ठरता, तर अनाथ वधूंचे विवाहच संशयास्पद झाले असते.

मार्च १९५४ मध्ये चिपानास येथील उलेमांच्या परिषदेने यावर तोड काढली. अध्यक्ष सुकर्णो व त्यांचे शासन हे अपरिहार्यता आणि प्रत्यक्ष सत्ता यांच्या आधारे 'वलियुल अम्र', म्हणजे शासनाधिकारी, होत, असा निर्वाळा तिने दिला. त्यामागे राजकीय हेतू असल्याची टीका झाली. पण विवाहविधीच्या निकडीतून राष्ट्रीय सत्तेला धार्मिक मान्यता मिळाली, ही गोष्ट नाकारता येत नाही. राज्य धर्मशास्त्राला केवळ मर्यादा घालते, हा प्रचलित समज येथे अपुरा पडतो. या प्रसंगी धर्मशास्त्रालाच राज्याची गरज होती.

१९७४ च्या विवाहकायद्याने उभयतांची संमती आवश्यक ठरविली. १९९१ च्या इस्लामी विधिसंहितेने वली कायम ठेवला. मात्र अडवणूक करणाऱ्या वलीबाबत धार्मिक न्यायालयाचा निर्णय झाल्यावरच वली हाकिमास अधिकार दिला. अशा वलीस 'अदल' म्हणतात. त्या शब्दाचा धातू कुराणातील 'बकरा' अध्यायाच्या २३२ व्या आयतीत, स्त्रियांचा विवाह अडवू नये या निषेधात, आलेला आहे.

तात्पर्य, पित्याच्या नकाराविरुद्ध वधूला दाद मिळाली. स्वतःचा निकाह स्वतः लावण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. वली बदलता येतो, वलीची आवश्यकता टळत नाही.