ख्रिस्तियान लुबिख
ख्रिस्तियान लुबिख (जन्म : इ.स. १९५९) हे पुंजगतिकीच्या संगणनासाठी प्रसिद्ध असलेले ऑस्ट्रियन गणितज्ञ आहेत. इन्सब्रुक येथे एर्न्स्ट हायरर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

कार्य
श्रोडिंगरच्या समीकरणात प्रत्येक कणामागे तीन चले वाढतात. तीन कणांच्या नऊ चलांसाठी प्रत्येकी १०० बिंदू घेतल्यास एकावर १८ शून्ये इतक्या किमती साठवाव्या लागतात. हे व्यवहार्य नसल्याने लहान प्रतिमाने वापरली जातात. त्यांतील त्रुटी किती मर्यादेत राहते, याचे गणिती विश्लेषण लुबिख यांनी केले. हा विषय त्यांच्या ‘फ्रॉम क्वांटम टू क्लासिकल मॉलेक्युलर डायनॅमिक्स’ (२००८) या ग्रंथात आहे.

सन्मान
२००१ साली त्यांना डालक्विस्ट पारितोषिक मिळाले.